सुनिता आखाजीला गेलीय

१५ जून, रविवार. सकाळी ७

आजपासून रोजनिशी. समुपदेशन गटाच्या अलफिया मॅडमनी मेसेजमध्ये सुचवलं म्हणून नव्हे. मी मुळातच शिस्तीचा माणूस. एजन्सीत ठिबकच्या नळ्यांचा सगळा स्टॉक माझ्याकडे असतो. एक जॉइनर इकडचा तिकडे होत नाही.

परिस्थिती अशी. सुनिता आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी धुळ्याला गेली. सगळ्यांच्याच बायका जातात. झोका खेळतात, गाणी म्हणतात, आमरस खातात, आठवड्याने परत येतात. हिचा मुक्काम जरा लांबलाय. मध्ये तिने तिथल्या महिला केंद्रात अर्ज दिला. प्रकरण पोलिसात जाणार होतं, पण सासरे तोताराम आबा नको म्हणाले. आबा माझ्या बाजूचे आहेत. जावयाचा मान ठेवणारा माणूस.

मग केंद्राने तोडगा काढला. मी जळगावात पुरुषांच्या समुपदेशन गटात बारा रविवार जायचं, मग धुळ्याला दोन्ही बाजूंची बैठक. बारा रविवार म्हणजे काहीच नाही. मी बी.कॉम. केलंय.

मूळ घटना अगदी किरकोळ. ती शेजारी बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, लाटायला गेली होती. मी कामावरून आलो तर घराला कुलूप. चहा नाही. आली तेव्हा हात पिठाचे आणि वर हसत होती. एक चापट. तीही नीट लागली नाही.

१५ जून. रात्री ८

पहिला वर्ग झाला. एका ट्यूशनच्या हॉलमध्ये असतो. भिंतीवर पाढ्यांचे तक्ते, बसायला मुलांचे बाक. गुडघे वर येतात.

अलफिया मॅडम तिशीतल्या, आवाज हळू. मला वाटलं होतं कोणीतरी जाड चष्म्याची बाई ओरडेल. आम्ही सात जण. शेजारी हिलालभाऊ बसले, एरंडोलकडचे, रिक्षा चालवतात, अहिराणीच बोलतात. पलीकडे अतिक, सोन्याच्या दुकानात पॉलिशचं काम करतो. बाकीचे पण तसेच. मी एकटाच इन केलेला शर्ट घालून होतो.

मॅडम म्हणाल्या, काय घडलं ते प्रत्येकाने एका वाक्यात सांगा. हिलालभाऊ म्हणाले, मी बायकोले पट्टाघाई मारं. सरळ. पट्ट्याने मारल्याची लाज नाही काही. माझी पाळी आली तेव्हा मी म्हटलं, थोडा गैरसमज झाला आणि त्यातून पुढचं झालं. मॅडम म्हणाल्या, यात सुनिता कुठे आहे? मी म्हटलं, धुळ्याला.

सगळे हसले. वातावरण हलकं करायला कोणीतरी लागतंच.

२२ जून, रविवार

आज टाइम-आउट शिकलो. राग चढायला लागला की सांगायचं, मी बाहेर जातोय, अर्ध्या तासाने येतो. मग खरंच बाहेर जायचं, चालायचं, परत यायचं. दारू नाही, गाडी नाही, फोनवर भांडण नाही.

सोपं आहे. घरी आल्यावर लगेच प्रॅक्टिस केली. स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून मोठ्याने म्हटलं, मी बाहेर जातोय, अर्ध्या तासाने येतो. चप्पल घातली. कोपऱ्यावरच्या डेअरीपर्यंत गेलो, तिथून पाण्याच्या टाकीपर्यंत, परत. बरोबर अर्ध्या तासाने आलो. मी बाहेर गेलो होतो हे घरात कोणाला माहीतच नव्हतं.

तरी टेक्निक जमली. बाकीच्यांना वेळ लागेल.

२९ जून, रविवार

वर्गात प्रगती विचारली. मी सांगितलं, दोन महिन्यांत एकदाही बायकोवर हात उचललेला नाही. झिरो. मॅडमनी वहीतून मान वर केली. मला वाटलं शाबासकी देणार, तेवढ्यात हिलालभाऊ म्हणाले, भो, तुना घरमा शे कोन माराले?

हलकट माणूस. स्वतःचा रेकॉर्ड खराब की दुसऱ्याचा बघवत नाही.

संध्याकाळी खिचडी. सोबत बिबडा तळला. तिने केलेले अर्धा डबा आहेत. जपून खायचे, ती आल्यावर म्हणायला नको की सगळे संपवले.

२ जुलै, बुधवार

साहेबांनी आज गिऱ्हाइकांसमोर झापलं. पारोळ्याच्या ऑर्डरमध्ये चुकीची कपलिंग गेली. चूक त्यांच्या पुतण्याची. मी हसून म्हटलं, सॉरी सर, लगेच बदलतो. शेतकरी लोक बघत होते. मी हसतच राहिलो. गाल दुखले.

घरी कुकरचं झाकण बसेना. एकदा, दोनदा, बसेना. फेकलं. भिंतीचा टवका उडाला. वस्तूवर राग काढणं सगळ्यात सेफ. माणसाला इजा नाही.

टवक्यावर कॅलेंडर लावलं.

६ जुलै, रविवार

साहेबांचा किस्सा वर्गात सांगितला. माझा कंट्रोल किती आहे ते सगळ्यांना कळावं म्हणून. मॅडम म्हणाल्या, म्हणजे राग कुठे काढायचा नाही हे तुम्हाला पक्कं माहीत आहे. मी म्हटलं, अगदी. त्या म्हणाल्या, मग घरी चुकून होतं असं नाही म्हणता येणार.

वाक्य नीट समजलं नाही, पण त्यांनी माझा कंट्रोल मान्य केला, एवढं नक्की.

कुकरचं सांगितलं नाही. विषय नव्हता.

१० जुलै, गुरुवार

शेजारच्या मावशींनी विचारलं, सुनिता दिसत नाही? म्हटलं, आखाजीला गेलीय. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. बाहेर चिखल, पाऊस, खताची पोती भरलेले ट्रॅक्टर चाललेत. मी म्हटलं, सासूबाईंची तब्येत पण जरा बरी नाही. मावशी म्हणाल्या, काळजी घे रे बाबा. कोणाची ते म्हणाल्या नाहीत.

याच मावशींकडे ती बिबडे लाटायला गेली होती. त्यांच्या आग्रहामुळे हे सगळं झालं. पण मी बोलून दाखवत नाही. मनाचा मोठेपणा लागतो.

१३ जुलै, रविवार

आज अतिक वर्गात रडला. त्याची बायको कनीज घरीच आहे. तो म्हणाला, मैं घर में आता हूँ तो बच्चे चुप हो जाते. टीव्ही बंद नाही करत, पण आवाज कमी करतात. आवाज कमी झाला की मला कळतं की मी घरात आलो. मॅडमनी त्याला पाणी दिलं.

मला त्याची कीव आली. सगळ्यांसमोर रडायचं म्हणजे. आमच्याकडे हा प्रश्नच नाही. मुलं नाहीत. मी आलो की आमच्याकडे आधीपासूनच शांतता असते. सुनिता पहिल्यापासून कमी बोलते.

नाही, पहिल्यापासून नाही. लग्न झालं तेव्हा खूप बोलायची. मोठी झाली, समज आली.

१६ जुलै, बुधवार

मॅडमच्या ऑफिसातून सुनिताला महिन्याला एक फोन जातो. ती काय म्हणते ते आम्हाला सांगत नाहीत. नियम आहे.

फोन उद्या आहे असा माझा अंदाज. तिला बोलताना सुचत नाही, म्हणून मीच मेसेज टाकून मदत केली. म्हटलं, बदल जाणवतो असं सांग. आवाज खाली आलाय सांग. पूर्वीचं फार उगाळू नको. निळ्या टिक्स लगेच आल्या. उत्तर नाही. तीन वेळा फोन केला, नीट समजलं का ते विचारायला. मग आणखी काही वेळा.

उचलला नाही. काळजीनेच केले होते. धमकी वगैरे काही नव्हती.

२० जुलै, रविवार

मॅडम आज म्हणाल्या, गटातल्या एकाने बायकोला फोनवर काय बोलायचं ते शिकवलं. नाव घेतलं नाही. म्हणाल्या, तिच्या तोंडात शब्द घालणं हाही तिला धाक दाखवण्याचाच प्रकार. पुन्हा झालं तर गट बंद, बैठक बंद.

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मीसुद्धा बघितलं. मला तर हिलालभाऊंचाच संशय आला, म्हणून त्यांच्याकडे जरा जास्त वेळ बघितलं. ते म्हणाले, मनाकडे काय देखस? मना फोन तर गयरा दिन व्हयनात बंद पडेल शे.

२७ जुलै, रविवार

घरी करायला कागद दिला होता. वर प्रश्न: तुमच्या मारण्यामुळे तिचं काय काय गेलं? खाली भरपूर रेघा.

मी लिहिलं, विशेष काही नाही. डाव्या कानाने थोडं कमी ऐकू येतं, पण ते सर्दीने. मावशींकडे जाणं गेलं, पण ते मी बंद केलं होतं, मारण्याने नाही. शिवणाचा क्लास गेला, तो तिनेच सोडला. मी फक्त मशीन विकलं.

खाली बऱ्याच रेघा रिकाम्या राहिल्या. मॅडमनी कागद वाचला, परत माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, हाच कागद पुन्हा एकदा तुम्ही स्वतः वाचा. बहुतेक अक्षर आवडलं. घरी आणून ड्रॉवरमध्ये ठेवला.

३ ऑगस्ट, रविवार

वर्ग बुडवला. कानबाई. धरणगावला चुलतभावाकडे आमच्या भाऊबंदांची कानबाई, म्हणजे आमची कुळदेवी, बसते. मॅडमना आधीच सांगितलं होतं, नियमाने.

आमच्यात प्रसादाच्या रोटांसाठी गहू मोजून घेतात. घरात जेवढे पुरुष तेवढ्याच सव्वा मुठी. बायका मोजत नाहीत. मी एकट्याच्या सव्वा मूठ गव्हाची पिशवी नेली. वहिनींनी मोजून घेतली आणि म्हणाल्या, तुमचे बरोबर आहेत. दरवर्षी एवढेच असतात. सुनिता नाही तरी मोजदादीत काहीच कमी झालं नव्हतं. मला जरा विचित्र वाटलं. रात्री गाणी चालू असताना मी एकटाच ओट्यावर बसलो होतो.

वहिनींनी विचारलं, सुनिता कोठे? म्हटलं, आखाजीला गेलीय. म्हणाल्या, आखाजीले गयी ती आजून उनी नही? आणि सगळ्या बाया हसल्या. मग हसता हसता थांबल्या.

पण त्यातूनच आयडिया सुचली. मास्टरस्ट्रोक. रोट फक्त आपल्या कुळातल्यांनीच खायचे असतात. बाहेरच्याला द्यायचे नाहीत, टाकायचे नाहीत. उद्या विसर्जन झालं की माझ्या वाट्याचे रोट घेऊन धुळ्याला जायचं. माहेरच्यांना ते चालणार नाहीत, त्यांचं कूळ वेगळं. म्हणजे एकटी सुनिताच खाणार. तिने रोट खाल्ला म्हणजे ती अजून आमची. तिच्या मनात नसतानाही सिद्ध होईल. केंद्राच्या कागदापेक्षा कानबाई मोठी.

४ ऑगस्ट, सोमवार. संध्याकाळी ६, धुळे एसटी स्टँड

देवपूरला सासुरवाडीला गेलो. दार सासूबाईंनी उघडलं. भागाबाई म्हणजे शब्द मोजून बोलणारी बाई. आत या म्हणाल्या नाहीत. मी म्हटलं, कानबाईचे रोट आणलेत, सुनितासाठी. त्या म्हणाल्या, ती क्लासला गयी. आबा झोपलेत.

मी डबा पुढे केला. त्यांनी दोन्ही हात मागे घेतले. म्हणाल्या, तुमनी कानबाईना शेतस, आमले चालतस नही. मी म्हटलं, म्हणूनच, सुनिता आल्यावर तिला द्या. त्या म्हणाल्या, तिनी सांगेल शे, काही लई राखू नको. माझ्याकडून काही घेऊन ठेवायचं नाही म्हणे.

कसला क्लास, ते विचारायचं राहिलं.

ठेवून येता येईना, देता येईना, टाकता येईना. स्टँडवर बाकावर बसून मीच खायला घेतले. गव्हाचे जाड रोट, सोबत गंगाफळाची, म्हणजे लाल भोपळ्याची भाजी प्लास्टिकच्या पिशवीत. दोन घशाखाली गेले, तिसरा जाईना. समोर एक बाई मुलीला बिस्कीट भरवत होती, तिने माझ्याकडे बघून मुलीला दुसरीकडे वळवलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं म्हणून असेल. ठसका लागला होता.

सगळे संपवले. आमच्या कुळाचा एक कणही बाहेर गेला नाही.

१० ऑगस्ट, रविवार

वर्गात गेलो. न विचारता धुळ्याला गेल्याबद्दल मॅडमनी बाजूला घेऊन समज दिली. मी म्हटलं, धार्मिक कारण होतं. त्या म्हणाल्या, हितेंद्रभाऊ, ती नको म्हणते तेव्हा तुम्ही काय करता, एवढंच मला बघायचंय.

पोटात अजून रोट असल्यासारखं वाटतं.

१७ ऑगस्ट, रविवार

अतिकने सांगितलं, या आठवड्यात तो घरी आला तेव्हा धाकट्या मुलीने टीव्हीचा आवाज कमी केला नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. टीव्हीसाठी टाळ्या! मी वाजवल्या, ग्रुपमध्ये मिसळायला लागतं.

२२ ऑगस्ट, शुक्रवार

पोळा. खाली पोरं लाकडी बैल घेऊन दारोदार आली. मी दार उघडेपर्यंत पुढे गेली. मावशींनी पुरणपोळी पाठवली, दोन. सवयीने दोन पाठवल्या असतील. एक खाल्ली. दुसरी झाकून ठेवली, ती कोणासाठी ते लक्षात येईना. रात्री तीपण खाल्ली.

घर फार मोठं वाटतं. वन बीएचके आहे खरं तर.

७ सप्टेंबर, रविवार

शेवटचा वर्ग. मी तयारी करून भाषण केलं. रागाचे टप्पे, टाइम-आउट, संवादाचं महत्त्व. मध्ये एक शेर. मला वाटतं सर्वांत चांगलं माझंच झालं. हिलालभाऊंना एवढंच म्हणता आलं, पट्टा फेकी दिन्हा. पन ती पट्टानी जागाकडे आजून देखस.

मी मॅडमना विचारलं, सर्टिफिकेट कधी मिळतं? त्या म्हणाल्या, यात सर्टिफिकेट नसतं. मी म्हटलं, निदान हजेरीचं? नाही म्हणाल्या. गट चालूच राहील, येत राहा म्हणाल्या. कोर्स पूर्ण झाल्यावर कोण जातं?

आबांना फोन केला. म्हणाले, आते पितरंना पंधरवडा, मंग नवरात्र. दसरा झाया का बसूत. पोरले मी समजाडस. बठ्ठं मिटाडी टाकूत. आबा म्हणजे देवमाणूस.

१८ सप्टेंबर, गुरुवार

बैठक चार ऑक्टोबरला, धुळ्याच्या केंद्रात. आबा म्हणाले, सुनिता तयार होतेय. दिवाळीनंतर येईल. फक्त तिला माझ्या तोंडून एकदा ऐकायचंय, त्या दिवशी काय झालं ते.

एवढंच? मग तर झालंच. संकल्प: आवाज खाली. वाद नाही. शर्ट आकाशी. भिंतीचा टवका भरून रंग द्यायचा. शिवणाचं मशीन परत घ्यायचं, जुनं मिळालं तर.

आणि आबांसाठी टॉवेल-टोपी. आपल्याकडे माणसाचा मान करायचा तर आधी टोपी. सगळ्यांसमोर मी उभा राहून सासऱ्यांना टोपी चढवीन. बैठकीचा सूर तिथेच ठरेल.

२८ सप्टेंबर, रविवार

टवका भरला. रंग जरा गडद आला. आता जास्त उठून दिसतो. कॅलेंडर परत लावलं. मशीन मिळालं नाही, नंतर बघू.

बिबड्यांच्या डब्यात तळाशी चुरा उरलाय. तो ठेवलाय.

४ ऑक्टोबर, शनिवार. सकाळी ६

आरशासमोर तीनदा म्हणून बघितलं. सुनिता, त्या दिवशी मी तुला मारलं, चूक माझी होती. तिसऱ्यांदा बरं जमलं. आवाज चिरकतो, पण त्याने इफेक्ट येईल.

एसटीने जातो, पारोळामार्गे. टॉवेल-टोपी पिशवीत. आज सुनिता परत येण्याचं ठरणार. घरात पुन्हा माणूस असेल. कोणीतरी दार उघडेल. मला ती हवी आहे. एवढं मात्र खरं लिहितोय.

४ ऑक्टोबर. रात्री ९

धीर धरून क्रमाने लिहितो.

खोली छोटी. टेबलाच्या पलीकडे अलफिया मॅडम आणि धुळ्याच्या एक मॅडम. एका बाजूला आबा, त्यांना अगदी चिकटून सुनिता, तिच्यापलीकडे दाराजवळ भागाबाई. समोर मी. सुनिता बारीक झालीय. केस बांधायची पद्धत बदललीय. शिवणाच्या क्लासला जाते, आता दुसऱ्यांचे ब्लाऊज पण शिवते, असं आबांनी अभिमानाने सांगितलं. मी चांगलं आहे म्हटलं. आवाज खाली.

मग मॅडमनी मला बोलायला सांगितलं. मी सुरुवात बरोबर केली. सुनिता, त्या दिवशी. इथपर्यंत ठीक. मग तिने माझ्याकडे बघितलं आणि मी म्हटलं, त्या दिवशी दोघांकडून जरा ताणलं गेलं. थकून आलो होतो. हात उठला असेल तर एखादी चापट, पण मनात काही नव्हतं. का असं म्हटलं माहीत नाही. आरशासमोर वेगळं ठरलं होतं.

तिची मान खाली. आबा लगेच म्हणाले, व्हयनं का नही, बोलना ना तो? आते पोरी तू भी मन मोठं कर. सुनिताने हळूच मान हलवली. हो अशीच. मी बघितलं, हो अशीच हलवली होती. म्हणजे सगळं जुळलं होतं.

मी आनंदाने उठलो. पिशवीतून टॉवेल काढून आबांच्या खांद्यावर टाकला. मग टोपी. टोपीची घडी उलगडायला मी झटकली आणि हात वर केला, आबांच्या डोक्यावर ठेवायला.

सुनिता खुर्चीत आक्रसली. दोन्ही कोपर वर, डोकं गुडघ्यांत. तोंडातून आवाज नाही. एवढ्या पटकन की तिला कोणी तालीम दिलीय असं वाटलं असतं. डावा कान तळहाताने झाकलेला.

माझा हात तसाच वर, हातात टोपी.

पंखा फिरत होता. मग तिला कळलं की टोपी आहे आणि तिने सावकाश हात खाली घेतले, पदर नीट केला, आणि सगळ्यांना, अगदी मलासुद्धा, म्हणाली, काही नाही, काही नाही. हसायचा प्रयत्न केला.

आबांचा चेहरा मी कधी असा बघितला नव्हता. ते तिच्याकडे बघत होते. मग म्हणाले, एक चापट नही ना बेटा? कितला येळा? भागाबाई रडायला लागल्या, आवाज न करता. त्यांना आधीपासून माहीत असावं. आबांना नव्हतं. आबा पाच महिने तिला माझ्याकडे परत पाठवायला बघत होते, आणि त्यांना माहीत नव्हतं.

आबा उठले. खांद्यावरचा टॉवेल काढून घडी केली, टेबलावर ठेवली. मग स्वतःची खुर्ची उचलली. ऐंशीला टेकलेला माणूस, खुर्ची लोखंडी, मी मदतीला पुढे झालो तर हातानेच थांबवलं. ती खुर्ची त्यांनी माझ्या आणि तिच्या मधोमध आणून ठेवली आणि तिच्यावर बसले, तोंड माझ्याकडे. ती मला दिसेनाशी झाली.

म्हणाले, जावाई, तुम्ही आते जा. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी मला चहा विचारला नाही.

५ ऑक्टोबर, रविवार

रात्रभर विचार केला. हा सरळसरळ अपघात आहे. टोपी मी झटकायला नको होती. खालून, हळूच ठेवता आली असती. टोपीला खळ जास्त होती, कडक आवाज झाला. दुकानदाराची चूक.

शिवाय कोणाच्याही डोक्याजवळ असा हात गेला तर माणूस दचकणारच. हा नॅचरल रिफ्लेक्स आहे. सायन्स आहे. सुनिता दचकली, याचा अर्थ लोक उगाच भलता काढताहेत. मॅडमना हा मुद्दा पटवून देता येईल, मग त्या आबांशी बोलतील. पुढच्या रविवारी गटात जायचं. प्रूफ घेऊन.

१२ ऑक्टोबर, रविवार. संध्याकाळी ५

गटात गेलो. टोपी खिशात.

वर्ग सुरू व्हायच्या आधी प्रयोग केला, कोणाला काही न सांगता. हिलालभाऊ बाकावर बसून तंबाखू मळत होते. मी समोर जाऊन टोपी फटकन झटकली आणि जोरात हात वर नेला. मुद्दाम जोरात. ते दचकले नाहीत. त्यांनी टोपी बघितली आणि तंबाखू खाली ठेवून डोकं पुढे केलं. टोपी ठेवून घ्यायला करतात तसं. म्हणाले, माले? कसानी रे भो?

एकावरून काही सिद्ध होत नाही. मी अतिककडे गेलो. तेच. त्याने हसून मान झुकवली. दारातून अलफिया मॅडम येत होत्या. मी त्यांच्यासमोर हात वर केला. त्या थांबल्या, टोपीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. पापणीही हलली नाही.

मी परत हिलालभाऊंकडे आलो. त्यांनी अजून डोकं पुढे केलेलंच होतं. ठेवली शेवटी. त्यांना जरा मोठी झाली.

मॅडम म्हणाल्या, बसा हितेंद्रभाऊ. बसलो. बाकावर गुडघे वर आले.